थ्रेड : मोजावेच्या आकाशातील १३ सेकंद

१/ ३१ ऑक्टोबर २०१४. कॅलिफोर्नियातील मोजावे वाळवंट. ‘एंटरप्राइझ’ हे यान वाहक विमानापासून सुटले, इंजिन पेटले आणि सुमारे १३ सेकंदांत यानाचे आकाशातच तुकडे झाले. सहवैमानिक मायकेल ॲल्सबरी मृत्युमुखी पडले. पर्यटकांना अवकाशाच्या उंबरठ्यावर नेण्यासाठी बांधलेल्या यानाची ही चाचणी होती.

२/ या कथेचे मूळ दहा वर्षे मागे आहे. खासगी खर्चाने बांधलेले, तिघांना वाहू शकणारे यान दोन आठवड्यांत दोनदा १०० किलोमीटरवर नेणाऱ्यास १ कोटी डॉलरचे पारितोषिक होते. बर्ट रुटान यांच्या ‘स्केल्ड कंपोझिट्स’ने ‘स्पेसशिपवन’ बांधले. पैसा पॉल ॲलन यांचा. ४ ऑक्टोबर २००४ रोजी ब्रायन बिनी यांनी दुसरे उड्डाण करून पैज जिंकली. (१९५७ साली ‘स्पुटनिक’ झेपावला तोही ४ ऑक्टोबरच!)

३/ रुटान यांची खरी प्रतिभा परतीच्या प्रवासात दिसते. पंखांचा मागील भाग शेपटीसह वर दुमडायचा. मग बॅडमिंटनचे फूल जसे कसेही फेकले तरी बूड खाली करूनच येते, तसे यान आपोआप सावरत, वेग गमावत उतरे.

४/ रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’साठी याच कल्पनेवर मोठे ‘स्पेसशिपटू’ आकारास आले. वाट रक्ताळलेलीच होती. जुलै २००७ मध्ये इंजिनासाठीच्या नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत स्फोट होऊन तीन कर्मचारी दगावले.

५/ त्यामुळे २०१४ च्या अपघातानंतर पहिला संशय इंजिनावर गेला. त्या दिवशी नव्या प्रकारचे इंधन प्रथमच उड्डाणात वापरले होते. परंतु अवशेषांत इंधनाच्या टाक्या आणि इंजिन शाबूत सापडले. दोष अन्यत्र होता.

६/ दुमडणाऱ्या शेपटीला एक कुलूप होते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा दाब शेपटीला वर उचलू पाहतो. तेथे तिला धरून ठेवणारे केवळ ते कुलूप. म्हणून ते १.४ माक वेग गाठल्यावरच उघडायचे. फार उशीरही चालत नसे, कारण कुलूप अडकले आहे हे फार उंच जाण्यापूर्वीच कळायला हवे. ॲल्सबरी यांनी ०.८ माकच्या सुमारास ते उघडले. शेपटी दुमडण्याची आज्ञा कोणीच दिली नाही. ती हवेने दुमडली.

७/ मुख्य वैमानिक पीटर सीबोल्ड सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, दाबपोशाखाविना, बाहेर फेकले गेले. पॅराशूट उघडले आणि ते वाचले.

८/ जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष मांडला. चूक ॲल्सबरी यांची, हे त्यात आहेच. पण माणसाच्या एकाच चुकीने यान नष्ट होऊ शकते, हा धोका ‘स्केल्ड’ने विचारात घेऊन टाळला नाही, यावर मुख्य ठपका होता. हादरे, गडबड, काही सेकंदांचा अवधी, हाताशी एक दांडा, आणि सारी भिस्त ‘प्रशिक्षित वैमानिक चुकणार नाही’ या गृहीतकावर! मला या अहवालातील हाच भाग सर्वाधिक अस्वस्थ करतो. जे कौशल्य यानाला परत आणण्यासाठी योजले, तेच अकाली मोकळे होऊन घातक ठरले.

९/ पुढचे यान ‘युनिटी’. त्यात अकाली उघडू न देणारी यांत्रिक अटक बसवली गेली. १३ डिसेंबर २०१८ रोजी, त्याच मोजावेवरून, ते दोन वैमानिकांसह ८२.७ किलोमीटर उंच गेले. शेपटी वेळेवर दुमडली आणि यान धावपट्टीवर उतरले.