'डिसाइड' म्हणजे काय? हा शब्द आला कुठून?

"मी डिसाइड केलंय" असं आपण सहज बोलून जातो. डिसाइड म्हणजे ठरवणे, निर्णय घेणे. पण या शब्दाच्या पोटात एक सुरी लपलेली आहे.

शब्दाचा उगम

मूळ शब्द लॅटिन 'डेसिडेरे'. त्यातला 'डे' म्हणजे वेगळं आणि 'कैडेरे' म्हणजे कापणे. म्हणजेच कापून वेगळं करणे. फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता वादाचा निवाडा करणे. 'मनाशी ठरवणे' हा अर्थ नंतर रुळला.

'कैडेरे'चा दुसरा अर्थ ठार मारणे. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी टोमॅटोवर, द्राक्षावर जे पेस्टिसाइड किंवा फंगिसाइड फवारतो, त्यातलं 'साइड' याच धातूचं. एक कीड मारतं, दुसरं बुरशी.

मराठीतही हीच कल्पना आहे: एक घाव दोन तुकडे!

उदाहरण : शेतातलं

उन्हाळी कांदा निघाला की प्रश्न पडतो, आज मंचरच्या किंवा ओतूरच्या बाजारात न्यायचा की बराखीत भरायचा? विकला तर पुढची भाववाढ हातची गेली. ठेवला तर सड आणि घट आपल्या माथी. कुठलाही पर्याय निवडला तरी दुसरा कापला जातो.

उदाहरण : शिवनेरीचं

शिवरायांचा जन्म जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर झाला. पण कधी? वैशाख शुद्ध २, शके १५४९ (इ.स. १६२७) की फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०)? यावर बरीच वर्षं वाद चालला. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुनातली तिथी आहे. १९६६ मध्ये राज्य सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, तरी एकमत झालं नाही. अखेर २००१ मध्ये सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आजही काही जण तिथीप्रमाणे शिवजयंती साजरी करतात. सरकारी निर्णयाने सुट्टीची तारीख ठरली. श्रद्धेची तिथी मात्र ज्याने त्याने आपली ठरवली.

लक्षात ठेवा

"विचार करतोय" म्हणजे सगळे पर्याय अजून शाबूत आहेत. "डिसाइड केलं" म्हणजे बाकीचे कापून टाकले. पुढच्या वेळी हा शब्द वापरताना एवढंच विचारा: मी नेमकं काय सोडून दिलं?