जस्ती पत्र्याची पाठ

शहापूर तालुक्यात वाशिंदला जिंदाल समूहाचा पोलादी पत्र्यांचा कारखाना १९८२ पासून आहे. अशा कारखान्यात पत्र्यावर जस्त चढवताना धातूच्या पृष्ठभागाचे संघटन तापताना बदलते आणि निवतानाही. तपासणीच्या दाखल्यावर लिहिलेली घटकांची टक्केवारी अख्ख्या पत्र्याची सरासरी असते. वरच्या काही नॅनोमीटरांना ती लागू पडत नाही.

जस्तात बुडवण्यापूर्वी पत्रा साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. भट्टीतल्या हायड्रोजनमुळे लोखंडाचे ऑक्साइड उतरते. पण पोलादातल्या मँगनीज आणि सिलिकॉनला प्राणवायूची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. भट्टीत उरलेली लेशमात्र वाफही त्यांना पुरते. पृष्ठभागावरचे अणू असे खर्ची पडले की आतले त्यांच्या जागी सरकतात, स्फटिककणांच्या सीमांवरून तर झपाट्याने. मँगनीज जास्त असलेल्या कणखर पोलादावर मग पृष्ठभागी साचलेल्या ऑक्साइडमुळे जस्त धरत नाही, उघडे ठिपके राहतात. उपाय मात्र उलटा: भट्टीतला ओलावा थोडा वाढवायचा! प्राणवायू आत शिरून मँगनीजला वाटेतच गाठतो. ऑक्साइड पोटात राहते आणि पाठ लोखंडाचीच उरते. या शास्त्रातला मला सर्वांत आवडलेला डाव हाच.

पुढे सुमारे ४६० अंशांचा जस्ताचा रस. त्यात अ‍ॅल्युमिनिअम जेमतेम ०.२ टक्के, तरी लोखंडाशी पहिली गाठ त्याचीच पडते. दोघांचा मायक्रॉनहून पातळ थर जस्ताला अडवून धरतो. तो नसेल तर लोह-जस्ताचे ठिसूळ थर वाढतात आणि पत्रा वाकवताना मुलामा सोलून निघतो.

४१९.५ अंशांना जस्त थिजू लागते. घन जस्तात शिसे जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे वाढणारे स्फटिक त्याला बाहेर ढकलतात आणि ते पृष्ठभागी साठते. जुन्या पत्र्यांवरची स्फटिकांची मोठी फुले ही शिशाचीच करामत. आता शिसे कमी, म्हणून फुलेही बारीक; त्यांवरून पत्र्याचा दर्जा जोखण्यात अर्थ नाही. अ‍ॅल्युमिनिअमही वर येते आणि काही नॅनोमीटरांचे ऑक्साइड बनवते. म्हणजे जस्ती म्हणून विकत घेतलेल्या ताज्या पत्र्याची अगदी वरची कातडी बरीचशी अ‍ॅल्युमिनिअमची असते. नव्या पत्र्यावर रंग न टिकण्याचे हे एक कारण. कारखान्यात रंगाआधी अल्कली द्रावणाने ती धुऊन काढतात. घरचे छप्पर रंगवणाऱ्याने एक पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा, मग पत्रा घासून, जस्ताला चालणारा प्रायमर मारून रंग द्यावा.