मगनचे तांबे : हजर पर्वतातील परित्यक्त खाणी आणि उम्म अल कुवैनचा किनारा

उम्म अल कुवैन आणि शारजा यांच्या सीमेवर तेल अब्रक नावाचे एक मातीचे टेकाड आहे. येथील उत्खननांत तांब्या-कांशाच्या असंख्य वस्तू सापडल्या. मात्र हे तांबे किनाऱ्यावरचे नव्हे. ते आतल्या हजर पर्वतातील खाणींतून येत असे. त्या खाणी आज निर्मनुष्य आहेत. खाण आणि बंदर हे एकाच व्यवहाराचे दोन भाग असल्याने एकाचा इतिहास दुसऱ्यावाचून पुरा होत नाही.

भूरचना

सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी महासागराच्या तळाशी तयार झालेला खडक पुढे अरबी भूखंडाच्या कडेवर ढकलला गेला. ओफिओलाइट नावाने ओळखला जाणारा हा खडक ओमानपासून फुजैरापर्यंत पसरला असून त्यात तांब्याचे साठे आहेत. ऊन-पावसाने बदललेले हिरवे खनिज पृष्ठभागावरच दिसत असल्यामुळे प्राचीन माणसाला ते शोधण्यासाठी खोल जावे लागले नाही.

खाण आणि भट्टी

शारजाच्या हद्दीतील वादी अल हिलो येथे कांस्ययुगीन खाणकामाचे व धातू गाळण्याचे अवशेष आढळले आहेत. शारजा–कल्बा महामार्ग याच परिसरातून जातो. ओमानमधील मैसर येथे जर्मन संशोधकांनी अशाच वसाहतीचा अभ्यास केला. तेथे तांब्याच्या पावासारख्या गोलसर लगडी मिळाल्या.

कामाची रीत साधी पण कष्टाची होती. खनिज दगडी हातोड्यांनी फोडून निवडले जाई आणि मातीच्या लहान भट्टीत कोळशाबरोबर तापवले जाई. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. तेवढी उष्णता मिळवण्यासाठी भट्टीत सतत हवा फुंकावी लागे. निरुपयोगी द्रव्य काळ्या, जड मळीच्या रूपाने वेगळे होई. मळीचे हे ढीगच परित्यक्त खाणींची सर्वांत टिकाऊ खूण ठरले. विरळ वृक्षांच्या या प्रदेशात कोळशासाठी लागणारे लाकूड हीच या उद्योगाची खरी मर्यादा होती.

सागरी व्यापार

मेसोपोटेमियाच्या लेखांत या प्रदेशाला ‘मगन’ म्हटले आहे. अक्कडचा राजा सारगॉन याने दिल्मुन, मगन आणि मेलुहा येथील जहाजे आपल्या धक्क्याला लागत असल्याचा अभिमानाने उल्लेख केला. दिल्मुन म्हणजे बहारीन व परिसर, तर मेलुहा म्हणजे सिंधू खोरे, असे सामान्यतः मानले जाते. उर शहरातील मृत्तिकालेखांत लू-एनलिला या व्यापाऱ्याने कापड व अन्य माल मगनला नेऊन तांबे आणल्याच्या नोंदी आहेत.

तेल अब्रकची वसाहत इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील. तिच्या मध्यभागी सुमारे ४० मीटर व्यासाचा वर्तुळाकार गढीवजा बुरूज होता. १९८९पासून डॅनियल पॉट्स यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात एका सामूहिक थडग्यात तीनशेहून अधिक व्यक्तींचे अवशेष मिळाले. सिंधू संस्कृतीची मातीची भांडी व वजने येथे सापडली. कथील मिसळलेले कांसेही मिळाले. कथील स्थानिक नव्हे. त्यामुळे तांबे बाहेर पाठवणारा हा किनारा दूरदेशीचा धातू आतही घेत होता, हे स्पष्ट होते.

ऱ्हास आणि उलटलेला प्रवाह

इ. स. पू. अठराव्या शतकानंतर मेसोपोटेमियाला सायप्रसकडूनही तांबे मिळू लागले आणि मगनचे नाव तेथील व्यापारी लेखांतून मागे पडले. खाणकाम मात्र कायमचे थांबले नाही. ते काळानुसार कमी-अधिक होत राहिले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात चित्र उलटे दिसते. त्यानुसार भडोचहून तांबे, चंदन आणि सागवान लादलेली मोठी जहाजे ओमाना या बंदराकडे जात. उम्म अल कुवैनमधील एद-दूर हेच ओमाना असावे, असे काही अभ्यासक मानतात. पैठण आणि तेर या महाराष्ट्रातील नगरांचा माल भडोचला येत असल्याचे हाच ग्रंथ सांगतो. एके काळी तांबे पाठवणारे आखात आता पश्चिम भारतातून ते घेत होते.

पुनरुज्जीवन आणि आजची स्थिती

नवव्या-दहाव्या शतकांत सोहारजवळील अर्जा व लसैल येथे खाणकाम पुन्हा भरभराटीला आले. त्यानंतरच्या उतरणीमागे इंधनाची टंचाई हे एक कारण सांगितले जाते. विसाव्या शतकात भूगर्भतज्ज्ञांनी याच जुन्या मळीच्या ढिगांचा माग काढून साठे शोधले आणि १९८३मध्ये ओमानमध्ये तांब्याचे आधुनिक उत्पादन सुरू झाले.

यातच एक पेच आहे. जुन्या खुणांनी नव्या खाणीला वाट दाखवली. पण यंत्रे जेथे खोदतात तेथे त्याच खुणा आधी नष्ट होतात. महाल वा मंदिर नसल्याने मळीच्या ढिगांकडे वारसा म्हणून सहसा कोणी पाहत नाही. रस्ते, दगडखाणी आणि बांधकाम यांत ते सहज नाहीसे होतात. राजांची व व्यापाऱ्यांची नावे मृत्तिकालेखांनी जपली. खनिज फोडणाऱ्या आणि भट्टी फुंकणाऱ्या माणसांची नोंद मात्र या मळीखेरीज अन्यत्र क्वचितच उरली आहे.