ठासणीचा बार आणि ज्वारीची राखण

‘फुसका बार’ हा शब्द आपण पुढाऱ्यांच्या भाषणांना सर्रास लावतो. पण शब्द मूळचा बंदुकीचा. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा आणि हे सारे गजाने ठासायचे. शेवटी टोपी बसवायची. प्रत्येक बार हा असा हाताने घडवलेला. दारू कमी पडली तर रानडुक्कर नुसते जखमी होऊन अंगावर येणार. जास्त झाली तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जाणार.

पुढे तयार काडतुसे आली. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तरीही हाताने काडतूस भरण्याची हौस जगात टिकली, विशेषतः अमेरिकेत. तिथे कुरणे पोखरणारे छोटे प्राणी लांबून टिपण्यासाठी बारीक नळीच्या रायफली निघाल्या. १९३५ साली विंचेस्टर कंपनीने आणलेल्या काडतुसातली ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४ हजार फुटांहून अधिक वेगाने सुटे. आपला तोळा १८० ग्रेनचा; म्हणजे गोळी पाव तोळ्याहून जराशी जड! हलकी गोळी वेगाने जाते, तिची वाट बरीच सरळ राहते; पण वाऱ्याने ती लवकर ढळते आणि तिचा वेगही लवकर ओसरतो. म्हणून हे हौशी लोक दारू सोनाराच्या काट्यासारखी तोलतात, कागदावर गोळ्या झाडतात, भोके किती जवळ पडली ते पाहतात आणि पुन्हा तोलतात.

आपल्याकडे हे शेतापर्यंत आलेच नाही. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, ब्रिटिश मुलखात शस्त्रकायदा झाला. जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि १९४८ पर्यंत तिथेच. स्वतंत्र भारताचा शस्त्रकायदा १९५९ चा. त्याच्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे, आणि तिथे नाव आहे ते ठासणीच्याच बंदुकीचे. जग रायफलीच्या हजारो फुटांच्या गोष्टी करत असताना शेतकऱ्याच्या वाट्याला पणजोबांचे हत्यार! सरकारचा हिशेब उघड असावा, असे मला वाटते: एक बार उडाला की दुसरा भरायला वेळ लागतो. अशा बंदुकीने दंगा होत नाही. पण डुकरांचा कळप तेवढा वेळ थांबतो थोडाच?

१९७२ साली वन्यजीव कायदा आला आणि नुसता बंदुकीचा परवाना पुरेनासा झाला. पिकात शिरलेल्या रानडुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. काळविटाची गोष्ट आणखी वेगळी. ते पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरे न होण्याइतके जायबंदी वा आजारी असेल, तरच परवानगी. पिकाची नासाडी हे कारण तिथे चालत नाही.

काळवीट वाचले ते या कायद्याने, हे नाकारता येणार नाही. हुरड्यात आलेल्या ज्वारीत त्याचा कळप उतरला, की माळ्यावरच्या राखणदाराने मात्र गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा आणि आरोळी ठोकायची.