एकोणसाठ तास: हॉलीवूड हिल्सचा घटनाक्रम

एक वर्ष आधी

१६ सप्टेंबर २०१६. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजना चालवणाऱ्या अमेरिकी केंद्रीय खात्याने आपत्तिनियोजनाचा नवा नियम प्रसिद्ध केला. वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहांनी आपत्तीचा लेखी आराखडा ठेवायचा, संपर्काची व्यवस्था आखायची, कर्मचाऱ्यांना शिकवायचे, सराव घ्यायचा आणि वीज गेली तरी रहिवाशांना सोसेल असे तापमान राखण्याची सोय करायची. पालनासाठी मुदत १५ नोव्हेंबर २०१७ पर्यंत. नियमात कर्मचारी होते ते प्रशिक्षण घेणारे म्हणून. आराखडा ठरवताना त्यांच्या प्रतिनिधीला बसवा, असे त्यात कुठे म्हटले नव्हते.

इर्मा चक्रीवादळ या मुदतीच्या दोन महिने आधी आले.

पाच दिवस आधी

फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झालेली होती. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी आरोग्यसंस्थांच्या चालकांशी फोनवर बैठका घेतल्या आणि अडचण आली तर थेट फोन करा म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर दिला. याच राज्यातल्या हॉलीवूड शहरातल्या ‘द रिहॅबिलिटेशन सेंटर ॲट हॉलीवूड हिल्स’ या शुश्रूषागृहात अन्नपाण्याचा साठा होता, इंधन होते. हलवता येणारे स्पॉट कूलरही आणून ठेवले होते. कागदावर ही तयारी बरी दिसते. पण इमारतीचे वातानुकूलन ज्या चिलरवर चाले, तो जनरेटरला जोडलेला नव्हता. तो जोडावा असे तेव्हा राज्याचा कायदाही सांगत नव्हता.

रस्त्याच्या पलीकडे मेमोरियल रीजनल हे मोठे रुग्णालय होते.

५९ तास आधी: रविवार, १० सप्टेंबर २०१७, दुपारी पावणेचारच्या सुमारास

वादळाचा डोळा सकाळी दक्षिणेच्या बेटांवर जमिनीला लागून पश्चिम किनाऱ्याकडे सरकला होता. हॉलीवूड पूर्व किनाऱ्यावर. तिथे वाऱ्याच्या तडाख्यात चिलरला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला. दिवे चालू राहिले, स्वयंपाकघर चालू राहिले. थंड हवा तेवढी थांबली.

माझ्या मते धोका इथेच नजरेआड झाला. सगळी वीज गेली असती तर सगळेच धावले असते. दिवे लागलेल्या इमारतीत ‘थोडे गरम होतेय’ ही तक्रारच वाटते, आपत्ती वाटत नाही. वीज कंपनीला कळवले गेले, स्पॉट कूलर आणि पंखे लावले गेले. पण स्पॉट कूलर एका बाजूने गार हवा देतो आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा सोडतो. ती हवा इमारतीबाहेर काढायची असते. इथे ती छताच्या पोकळीत गेली आणि वरचा मजला आणखी तापला, असे पुढे चौकशीत तज्ज्ञांनी सांगितले. यंत्र आणले गेले, पण ते कसे बसवायचे याचा सराव कोणाकडून करून घेतला होता, हे विचारायला हवे होते.

३४ तास आधी: सोमवार, ११ सप्टेंबर, संध्याकाळ

चिलर बंद पडून दिवस उलटला. शुश्रूषागृहाच्या व्यवस्थापनाने गव्हर्नरांच्या नंबरवर फोन केले, निरोप ठेवले. ते व्हॉइसमेल पुढे पुसले गेले आणि त्यावरून मोठा वाद झाला. रहिवाशांच्या जिवाला धोका असल्याचे आम्हाला सांगितले नव्हते आणि तसे झाल्यास ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा हे आम्ही बजावले होते, अशी राज्य सरकारची बाजू. आम्ही मदत मागत होतो, ही शुश्रूषागृहाची.

हे सगळे फोन वरच्या वर फिरत होते. प्रशासक, वीज कंपनी, राज्याचे कार्यालय. विषय एकच: चिलर कधी सुरू होईल. खालचा प्रश्न वेगळा होता आणि तो माणसांच्या अंगाला हात लावल्यावरच कळतो. म्हाताऱ्या शरीराला घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. लघवीची आणि मानसिक आजारांवरची अनेक औषधे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद आणखी कमी करतात. स्मृतिभ्रंश झालेला माणूस ‘मला उकडतंय’ एवढेही सांगू शकत नाही. कूस बदलणारी, अंग पुसणारी, चादर बदलणारी जी मदतनीस असते, तिच्या तळव्याला हे आधी कळते. शुश्रूषागृहांत तिचा पगार सगळ्यात कमी पगारांपैकी असतो आणि आराखड्याच्या बैठकीला तिला सहसा कोणी बोलावत नाही.

युनियनचा प्रतिनिधी त्या बैठकीत असता तर काय झाले असते, याचे स्वप्नरंजन मला करायचे नाही. तो काय विचारतो, ते मात्र सांगता येते, कारण पाळीवरची माणसे हेच विचारतात. रात्री मजल्यावर किती जण असणार? वादळात ज्यांची घरे आणि मुले अडकली आहेत त्या बायका सलग दुसरी पाळी करणार असतील, तर त्यांना झोप कुठे, आणि मुलांना सोबत आणता येईल का? खोलीचे तापमान कोण, दर किती तासांनी मोजणार? कोणत्या आकड्यावर माणसे हलवायची? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: वरिष्ठांना फोन लागला नाही, किंवा लागला आणि ते ‘थांबा’ म्हणाले, तर ९११ फिरवणाऱ्या मदतनिसाची नोकरी शाबूत राहील याची लेखी हमी कोण देणार? हा शेवटचा प्रश्न एकटी बाई विचारू शकत नाही. तो विचारायला पाठीशी संघटना लागते.

१२ तास आधी: मंगळवार, १२ सप्टेंबर, दुपार

वीज कंपनीचे लोक मंगळवारी सकाळपर्यंत येतील अशी अपेक्षा असल्याचे शुश्रूषागृहाने नंतर सांगितले. ते आले नाहीत. दुरुस्ती आत्ता होईल, मग होईल, या आशेवर दिवस गेला.

हलवण्याचा निर्णय सोपा नसतो, हे न्यायाने म्हटले पाहिजे. वादळाआधी घाईने हलवलेल्या वृद्धांत, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेल्यांत, मृत्यू वाढतात, असे अमेरिकेतल्या चक्रीवादळांच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून ‘जागच्या जागी थांबा’ हे धोरण चुकीचे नाही. पण मंगळवारी दुपारी वारा ओसरलेला होता आणि वातानुकूलित रुग्णालय रस्ता ओलांडला की होते. थांबण्याच्या धोरणाला ‘आता पुरे’ म्हणणारी रेषा आधी आखून द्यावी लागते. त्या मजल्यावर ती नव्हती.

शून्य: बुधवार, १३ सप्टेंबर, पहाटे ३

हृदयक्रिया बंद पडलेल्या एका रहिवाशासाठी ९११ वर फोन गेला. तासाभरात दुसरा, मग तिसरा. बचाव पथकाला वरच्या मजल्यावर गरम, कोंदट हवा आणि अंग तापलेले रुग्ण सापडले. काहींचा ताप १०७, १०८ अंश फॅरनहाइटच्या पुढे होता, एकाचा ११० ला टेकलेला. रुग्ण एकामागून एक येऊ लागल्यावर पलीकडच्या रुग्णालयातल्या परिचारिका काय चालले आहे ते पाहायला स्वतः चालत आल्या.

सकाळी साडेसहाच्या सुमारास

रुग्णालयाने आपली माणसे मोठ्या संख्येने रस्त्यापलीकडे धाडली. पलंग, चाकाच्या खुर्च्या, बर्फ. सुमारे १४० रहिवासी काही तासांत बाहेर काढले गेले. अडीच दिवस न झालेले काम एका सकाळी झाले. त्या दिवशी आठ जण गेले. उष्णतेमुळे झालेले एकूण बारा मृत्यू वैद्यकीय परीक्षकांनी नोव्हेंबरमध्ये मनुष्यवध या सदरात नोंदवले.

त्यानंतर

राज्याने शुश्रूषागृहाचा परवाना काढून घेतला. मार्च २०१८ मध्ये कायदा झाला: प्रत्येक शुश्रूषागृहात वीज गेल्यावरही ९६ तास तापमान ८१ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या, वर जाणार नाही इतकी जनरेटरची सोय हवी. हे चांगलेच झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रशासकासह चौघांवर गुन्हे दाखल झाले. उरलेले तिघे परिचारिका होते, त्यात रात्रपाळीचा पर्यवेक्षक. परिचारिकांवरचे गुन्हे २०२२ मध्ये सरकारी पक्षानेच मागे घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी पक्षाचा पुरावा संपताच न्यायाधीशांनी प्रशासकाचीही निर्दोष मुक्तता केली.

म्हणजे आराखड्याच्या वेळी पाळीवरच्या माणसांना विचारण्याची सक्ती कोणावर नव्हती, आणि आरोपपत्राच्या वेळी त्यांची नावे मात्र पुढे होती. याचा मला राग येतो. बारा माणसे उकाड्याने गेली, त्याचाही तितकाच येतो. हे दोन राग एकाच जागेतून येतात.

पाठीशी संघटना असली तर काय फरक पडतो, याचा एक दाखला: कोविडच्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्क राज्यातल्या शुश्रूषागृहांचा एक अभ्यास २०२० मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आला. जिथे आरोग्यकर्मचाऱ्यांची युनियन होती, तिथे रहिवाशांमधला कोविड मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. अशा आकड्यांत इतर कारणेही मिसळलेली असू शकतात. पण त्याच अभ्यासात युनियन असलेल्या ठिकाणी एन-९५ मास्क आणि डोळ्यांचे संरक्षण अधिक उपलब्ध असल्याचेही दिसले. ते कोणीतरी भांडून मिळवले असणार, असे मानायला मला अडचण वाटत नाही.

८ ऑगस्ट २०२४ पासून केंद्राचा आणखी एक नियम लागू झाला. शुश्रूषागृहाने रोजच्या कामाला आणि आपत्तीला लागणाऱ्या मनुष्यबळाचे व साधनांचे मूल्यमापन करताना रात्री आणि शनिवार-रविवार धरायचे, आणि प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या परिचारिका, मदतनीस व जिथे त्यांचे प्रतिनिधी असतील तिथे ते, यांना सक्रिय सहभाग द्यायचा. रहिवासी आणि नातलगांचेही ऐकायचे. त्याच नियमातली मनुष्यबळाच्या किमान तासांची सक्ती २०२५ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने रद्द केली. मूल्यमापनाचे कलम त्या निकालाबाहेर राहिले.

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. त्याआधी प्रत्येक शुश्रूषागृहात या मूल्यमापनाची बैठक व्हावी, तीत रात्रपाळीचे प्रतिनिधी बसावेत, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने जनरेटर पाहण्याआधी त्या बैठकीचे इतिवृत्त मागावे.