सौर इन्व्हर्टर घेताना : किमतीबरोबर हमीपत्रही वाचा

घराच्या गच्चीवर सौरयंत्रणा बसवणे म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबासाठी लाख-दोन लाखांचा निर्णय. जाहिरातीत '२५ वर्षांची हमी' असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि ग्राहक त्यावर विसंबून धनादेश लिहितो. प्रत्यक्षात ही हमी बहुधा केवळ पॅनेलची असते. तयार झालेली वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आणि ती साठवणारी बॅटरी यांचे आयुष्य याहून बरेच कमी असते. यंत्रणा खरोखर किती महाग पडली, हे ठरते ते त्यांच्यावरच.

कोणता इन्व्हर्टर?

ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरला बॅटरी लागत नाही. उरलेली वीज वीज कंपनीच्या जाळ्यात जाते आणि नेट मीटरिंगद्वारे तिची वजावट बिलात मिळते. हा प्रकार सर्वांत स्वस्त. मात्र वीजपुरवठा खंडित झाला, की लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी हा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. भारनियमनाला कंटाळून यंत्रणा घेणाऱ्याची इथेच निराशा होते. वीज गेल्यावरही दिवे-पंखे चालायला हवे असतील, तर बॅटरीसह हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो.

हा वाढीव खर्च समजून घ्यावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १.८ युनिट वीज साठते. लेड-अॅसिड बॅटरी टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरणे इष्ट. म्हणजे तीन पंखे आणि काही दिवे जेमतेम तीन तास चालतील.

खर्चाचा हिशेब

महाराष्ट्रात एक किलोवॉटच्या यंत्रणेतून वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात हे प्रमाण घटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती ग्राहकाला एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान ठरले. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदानासाठी यंत्रणा ग्रिडला जोडलेली, तर पॅनेल व त्यांतील सेल भारतीय बनावटीचे असावे लागतात.

समजा, तीन किलोवॉटच्या यंत्रणेचा खर्च अनुदान वजा जाता १ लाख २ हजार आला आणि महिन्याला २,४०० रुपये वाचले, तर ही रक्कम साडेतीन वर्षांत वसूल होईल. परंतु पुढे इन्व्हर्टर एक-दोनदा बदलावा लागेल. बॅटरी पाच वर्षे टिकणारी असेल, तर २५ वर्षांत ती चार वेळा बदलावी लागेल. हे खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावेत. स्थिर आकार बिलात कायम राहतो, हेही विसरू नये.

हमी नेमकी कशाची?

पॅनेलला दोन हमी असतात. २५ वर्षांची हमी वीजनिर्मितीच्या क्षमतेची असते. मुदतीअखेर ती साधारण ८० टक्क्यांखाली जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. बनावटीतील दोषांची हमी वेगळी आणि सहसा १० ते १२ वर्षांची असते. इन्व्हर्टरला बहुधा ५ ते १० वर्षांची हमी मिळते. लेड-अॅसिड बॅटरीच्या हमीत सुरुवातीचा काळच विनामूल्य बदलाचा असतो. नंतर वापरलेल्या मुदतीच्या प्रमाणात पैसे भरावे लागतात.

विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. सदोष पॅनेल उतरवणे, नेणे व पुन्हा बसवणे यांचा खर्च कोणाचा? वीज कोसळणे, व्होल्टेजमधील चढ-उतार, उंदरांनी तारा कुरतडणे यांचा समावेश हमीत आहे का? इन्व्हर्टर दुरुस्तीला गेल्यास पर्यायी इन्व्हर्टर मिळेल का? सेवाकेंद्र आपल्या शहरात आहे का? कोकणपट्टीत खाऱ्या हवेने सांगाडा गंजतो. त्यामुळे त्याची हमीही स्वतंत्रपणे मागावी. अनुदानित यंत्रणेच्या पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी विक्रेत्यावर असते. तिचा उल्लेख करारात हवा.

प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदलेले पक्के बिल आणि शिक्का मारलेली हमीपत्रे जपून ठेवावीत. हमी नाकारली गेल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. तिथे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा हे कागदच उपयोगी पडतात.