टायब्रेकचे गुण १६-१६, तरी चॅम्पियन अँडरसनच! पुण्याच्या फायनलमध्ये काय घडलं होतं?

जानेवारी २०१९. पुण्याच्या बालेवाडीत टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेची पुरुष एकेरीची फायनल. एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन. २०१८ मध्ये याच स्पर्धेची फायनल तो हरला होता. समोर क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, वय ३९. १९७७ मध्ये केन रोझवॉल फायनल खेळले, त्यानंतर इतक्या वयाचा एकही खेळाडू एटीपी एकेरीच्या फायनलमध्ये पोहोचला नव्हता.

दोघांचीही उंची दोन मीटरहून जास्त आणि सर्व्हिस जबरदस्त. तिन्ही सेट ६-६ पर्यंत ताणले गेले. अशी बरोबरी झाली की टायब्रेक होतो. त्यात किमान दोनच्या फरकाने आधी ७ गुण गाठणारा सेट जिंकतो.

पहिला टायब्रेक अँडरसनने ७-४ असा घेतला. दुसरा कार्लोविचने ७-२ असा. तिसरा अँडरसनने ७-५ असा जिंकला.

आता बेरीज करून बघा. तिन्ही टायब्रेक मिळून दोघांचे गुण १६-१६! पण टेनिसमध्ये विजेता गुणांच्या बेरजेवर नाही, सेटवर ठरतो. दुसऱ्या टायब्रेकमधली मोठी आघाडी कार्लोविचला एकच सेट देऊन गेली. तिसऱ्यात तो दोन गुणांनी मागे राहिला आणि ट्रॉफी अँडरसनने उचलली.